डेंग्यूचा पाचवा दिवस, ताप उतरला, बीपी १०२/८४: डॉक्टरांना आत्ता उठवायचं की सकाळच्या राउंडपर्यंत थांबायचं?

प्रश्न: स्टाफ नर्स, मेल मेडिकल वॉर्ड

पावसाळा संपत आला की आमचा अर्धा वॉर्ड डेंग्यूने भरतो. नवीन जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगच्या मुलींना रात्रपाळीसाठी तयार करायचं आहे, म्हणून एक चार्ट बनवलाय. पेशंट खरा नाही, पण असे आकडे प्रत्येकीच्या हातात कधी ना कधी येतात.

पुरुष, वय २८, वजन ६० किलो. एनएसवन (डेंग्यूची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह. दाखल होऊन दुसरा दिवस. दुपारपासून ताप नाही, नातेवाईक खूश, उद्या डिस्चार्ज मागतायत. सकाळचे प्लेटलेट ४२,०००, एचसीटी (हिमॅटोक्रिट, रक्तात लाल पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण) ३८.

रात्री १० वाजता: नाडी ९२, बीपी ११०/७६, श्वसन १८.
रात्री १२ वाजता: नाडी १००, बीपी १०८/८०, श्वसन १८.
रात्री २ वाजता: नाडी ११४, बीपी १०२/८४, श्वसन १८. पोटात दुखतंय म्हणतो, दोन उलट्या झाल्या. शुद्धीवर आहे, नीट बोलतो, स्वतः उठून बसतो. सलाइन सकाळच्या ऑर्डरप्रमाणे चालू.

मुलींचं उत्तर ठरलेलं असतं: "सिस्टोलिक शंभराच्या वर आहे, ताप नाही, पेशंट बोलतोय. पॅन्टॉप (अ‍ॅसिडिटीचं औषध) आणि एमसेटची (उलटीचं औषध) ऑर्डर आहेच, ती देऊ आणि सकाळी सांगू." हे का चुकतं ते त्यांना पटेल असं कसं सांगायचं? आणि रात्री दोनला काय बघायचं, कोणत्या क्रमाने, फोनवर काय बोलायचं? प्रत्यक्ष करता येईल असंच सांगा.

---

उत्तर १: परिसेविका, जिल्हा रुग्णालय

ताई, तुमच्या चार्टमध्ये सगळं लिहिलेलं आहे, फक्त एक वजाबाकी करायची राहिली आहे. वरच्या बीपीतून (सिस्टोलिक) खालचं (डायस्टोलिक) वजा करा, ते पल्स प्रेशर: दहा वाजता ३४, बाराला २८, दोनला १८. डेंग्यूत पल्स प्रेशर २० किंवा त्याखाली आलं की तो शॉक धरायचा, वरचं बीपी कितीही चांगलं दिसू दे.

कारण मुलींना असं सांगा. डेंग्यूत केशवाहिन्यांतून प्लाझ्मा बाहेर झिरपतो. रक्तवाहिन्यांतलं पाणी कमी झालं की शरीर हातापायांच्या वाहिन्या आवळतं आणि नाडी वाढवतं. वाहिन्या आवळल्या की डायस्टोलिक वर चढतं. सिस्टोलिक मात्र बराच वेळ टिकून राहतं, तरुण पेशंटमध्ये तर जास्तच. ७६, ८०, ८४ हा चढता आकडा दिसतोय ना? तोच धोका सांगतोय. सिस्टोलिक ९० च्या खाली जाण्याची वाट बघितली तर शरीराची भरपाई संपलेली असते आणि तिथून पेशंट मिनिटांत कोसळतो.

शुद्धीवर आहे, बोलतोय, हा दिलासा मानू नका. या अवस्थेत पेशंट शेवटपर्यंत पूर्ण शुद्धीवर असतो. बेचैन झाला, सारखी कूस बदलू लागला, उलटसुलट बोलू लागला म्हणजे उशीर झाला.

आता तापाचं. "ताप उतरला म्हणजे बरं वाटतंय" हे बहुतेक आजारांत खरं आहे, डेंग्यूत नाही. गळतीचा काळ नेमका ताप उतरताना सुरू होतो, साधारण आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि २४ ते ४८ तास चालतो. ताप उतरला की नाडीही खाली यायला हवी. इथे ताप गेला आणि नाडी ९२ वरून ११४. ही जोडी दिसली की दुसरं काही सापडायची वाट बघू नका.

दोन गोष्टी चार्टवर हमखास चुकतात. पहिली, दिवस. वॉर्डात आपण दाखल झाल्यापासून मोजतो, पण मोजायचा तो ताप भरल्यापासून. "ताप पहिल्यांदा कधी भरला? त्या दिवशी कामावर गेला होतात का?" असं विचारलं की लोकांना नीट आठवतं. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात "आजाराचा दिवस ५" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि रोज बदला. दुसरी, पॅरासिटामॉल. गोळी दिल्यावर दोन तासांनी टेंपरेचर ९९ आलं तर तो ताप उतरलेला नाही, दाबलेला आहे. टीपीआर (टेंपरेचर, नाडी, श्वसन) चार्टवर टेंपरेचरच्या शेजारी डोसची वेळ लिहायची सवय लावा.

---

उत्तर २: आयसीयू स्टाफ, पुणे

परिसेविका ताईंच्या उत्तराला जोडून. पल्स प्रेशर २० की ३० यावर एवढा निर्णय टांगलेला असेल तर बीपी नीट घेतलेलं हवं. मशीनचं बीपी इथे चालत नाही. नाडीची धडधड लहान असली की ऑटोमॅटिक मशीन एकतर एरर दाखवतं नाहीतर भलताच आकडा देतं. स्टेथो लावूनच घ्या.

कफ दंडाला बसणारा हवा, रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के. लहान कफ बीपी वाढवून दाखवतो. सलाइन चालू असलेल्या हातावर कफ बांधू नका. आधी मनगटाची नाडी धरून फुगवा, नाडी गेली त्याच्या २० ते ३० वर न्या, मग सेकंदाला २ ते ३ या वेगाने सोडा. घाईत हवा भसकन सोडली की दोन्ही आकड्यांत पाच-दहाची चूक सहज होते, आणि इथे तेवढ्या फरकाने निर्णय फिरतो. आवाज पूर्ण थांबतो तो डायस्टोलिक. शेवटी शून्य असलेले आकडे लिहायची सवय मोडा. ११०/८० हे वाचलेलं कमी आणि अंदाजाने लिहिलेलं जास्त असतं.

आता त्या श्वसनाबद्दल. तिन्ही वेळा १८. हे मोजलेलं नाही, वरून उतरवलेलं आहे. आणि त्याने काय होतं ते न्यूज-टू स्कोअर (नाडी, बीपी, श्वसन वगैरेंना गुण देऊन धोका मोजायची पद्धत) लावून दाखवा. नाडी ११४ ला २ गुण, सिस्टोलिक १०२ ला १ गुण, श्वसन १८ ला शून्य. बाकी सगळं नॉर्मल धरलं तर एकूण ३. म्हणजे "लक्ष ठेवा". खरं श्वसन २२ असेल तर त्याचे २ गुण, एकूण ५, आणि ५ ला डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहायचं असतं. एक आकडा न मोजल्यामुळे पेशंट हिशेबातून निसटतो. मनगट धरून ठेवा, पेशंटला वाटू दे नाडीच मोजताय, आणि छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. श्वास मोजतोय असं कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो.

आणखी एक: न्यूज-टूमध्ये डायस्टोलिक धरतच नाहीत. त्यामुळे डेंग्यूच्या पेशंटला स्कोअर कमी आला म्हणून निश्चिंत होऊ नका. पल्स प्रेशरचा रकाना चार्टवर पट्टीने आखून घ्या. ते जास्तीचं काम नाही, दहा सेकंदांची वजाबाकी आहे. हा स्कोअर सोळा वर्षांखालील मुलांना आणि गरोदर बाईंना लावायचा नाही, हेही सांगून ठेवा.

---

उत्तर ३: क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, नर्सिंग कॉलेज

रात्री दोनला खाटेजवळ काय करायचं ते मी विद्यार्थिनींकडून असं करून घेते. एकूण पाच-सहा मिनिटं लागतात.

दिवा लावायचा. झोपलेल्या वॉर्डात अंधारात पेशंटचा रंग कळत नाही. हाताच्या मागच्या बाजूने गुडघ्यापासून पावलापर्यंत स्पर्श करत जायचं आणि गारवा कुठून सुरू होतो ते बघायचं. "पाय गार" असं लिहू नका, "दोन्ही पाय मध्यपोटरीपासून खाली गार, ओलसर" असं लिहा. तासाभराने गारवा गुडघ्यापर्यंत चढला तर ते नोंदीवरूनच कळतं. मग बोटाचं पेर हृदयाच्या पातळीवर धरून पाच सेकंद दाबायचं, सोडायचं आणि रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, हाच सीआरटी. दोनपर्यंत ठीक. एसीच्या थंडाव्यात हा वेळ थोडा वाढतो. नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर नखाऐवजी बोटाच्या गादीवर दाबा, नाहीतर छातीच्या मधल्या हाडावर. त्यानंतर पायाची नाडी. मनगटाची लागतेय पण पावलावरची बारीक किंवा लागतच नाही, हेही फोनवर सांगायचं आहे.

मग पोट. "दुखतंय" याला अ‍ॅसिडिटी म्हणून पॅन्टॉप देऊन मोकळं व्हायचं नाही. डेंग्यूत पोटदुखी आणि सारख्या उलट्या ही धोक्याची लक्षणं म्हणूनच मोजतात. उजव्या बरगडीखाली हळू दाबून दुखतं का बघा. शौचाचा रंग विचारा, डांबरासारखी काळी झाली का. हिरड्या बघा, सलाइनच्या जागेभोवती निळं पडलंय का बघा. बाई पेशंट असेल तर पाळी सुरू झाली आहे का आणि किती पॅड बदलले हे विचारायलाच हवं, त्या आपणहून सांगत नाहीत.

शेवटी लघवी, आणि इथे चार्ट सर्वात जास्त फसवतो. चालता-बोलता पेशंट नातेवाइकांबरोबर बाथरूमला जातो, म्हणून आउटपुटच्या रकान्यात "बाथरूमला गेला" किंवा नुसती बरोबरची खूण असते. हिशेब तासाला किलोमागे अर्धा मिलि. ६० किलोला तासाला ३०, चार तासांत १२०. चार तासांत त्याच्या खाली असेल तर कळवायचं. संध्याकाळीच युरिन पॉट आणि मापाचा जग खाटेखाली ठेवा, नातेवाइकाला सांगा की एकदाचीही लघवी न मोजता टाकू नका, वॉर्डातल्या मामा-मावशींनाही सांगून ठेवा. "शेवटची लघवी कधी झाली" हा प्रश्न दर राउंडला घड्याळाच्या वेळेनिशी विचारा.

हे सगळं झालं की फोन. "सर, पेशंट थोडा बरा वाटत नाही" असं म्हटलं की समोरचा झोपेत "प्लेटलेट किती?" विचारतो, आपण ४२,००० सांगतो, तो "ठीक आहे, सकाळी रिपीट करा" म्हणतो आणि फोन संपतो. म्हणून कागदावर आधी लिहून मग बोलायचं:

"सर, मेल मेडिकलमधून स्टाफ नर्स बोलतेय. बेड बारा, डेंग्यू शॉकची शंका आहे, तुम्ही आत्ता बघायला या. वय २८, वजन ६०, आजाराचा पाचवा दिवस, दुपारपासून ताप नाही. पल्स प्रेशर दहाला ३४ होतं, आत्ता १८. बीपी १०२/८४, हाताने घेतलंय. नाडी ११४, श्वसन २२. पाय पोटरीपासून गार, सीआरटी चार सेकंद. संध्याकाळी सहापासून लघवी नाही. पोटात दुखतंय, दोन उलट्या. सकाळचा एचसीटी ३८, आत्ताचं सँपल घेतेय. तुम्ही पोहोचेपर्यंत फ्लुइड कोणतं आणि किती रेटने लावू?"

पहिल्याच वाक्यात शंका आणि मागणी. आकडे त्यानंतर. मिळालेली ऑर्डर फोनवरच परत वाचून दाखवायची, वेळ टाकून लिहायची, डॉक्टर आले की त्यावर सही घ्यायची.

---

प्रश्नकर्ती

फार कामाचं आहे, आभार. दोन अडचणी. आमच्याकडे रात्री लॅब बंद असते, एचसीटी सकाळीच मिळतो. आणि हाऊसमन (ड्युटीवरचा ज्युनियर डॉक्टर) कॅज्युअल्टीत अडकलेला असेल, "येतो" म्हणून आला नाही, तर किती वेळ थांबायचं?

---

उत्तर ४: फिजिशियन, ग्रामीण भाग

एचसीटीसाठी थांबू नका. पाय गार, पल्स प्रेशर १८ आणि लघवी नाही, एवढ्यावर निदान होतं. एचसीटी त्याला दुजोरा देतो आणि पुढे फ्लुइड वाढवायचं की कमी करायचं ते ठरवायला लागतो. पण फ्लुइड सुरू करण्यापूर्वीचं सँपल ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घेऊन, वेळ लिहून ठेवा. सकाळी त्याची किंमत कळते, कारण समजा ३८ वरून ४६ झाला, तर ती २१ टक्के वाढ, आणि २० टक्क्यांच्या पुढे गळती निश्चित धरतात. सलाइन चालू असलेल्या हातातून सँपल घेतलं तर रक्त पातळ होऊन एचसीटी खोटा कमी येतो. दुसऱ्या हातातून घ्या.

डॉक्टर ज्या ऑर्डर देतात त्यांचा अंदाज स्टाफला आधीच असला तर तयारी होते. धोक्याची लक्षणं आहेत पण शॉक नाही, तेव्हा आरएल (रिंगर लॅक्टेट) किंवा एनएस (नॉर्मल सलाइन) किलोमागे तासाला ५ ते ७ मिलि, एक-दोन तास, मग बघून ३ ते ५, मग २ ते ३. प्रौढात पल्स प्रेशर अरुंद झालेलं पण बीपी टिकून आहे, तेव्हा किलोमागे ५ ते १० मिलि पहिल्या तासात. म्हणजे या पेशंटला ३०० ते ६०० मिलि एका तासात. बीपीच पडलं असेल तर किलोमागे २० मिलि १५ मिनिटांत. ही ऑर्डर डॉक्टरांचीच, पण ६०० मिलि तासात जायला सुई कोणती आहे हे नर्सनेच आधी बघायचं. निळ्या २२ नंबरवर अवलंबून राहू नका. फोन केल्याबरोबर हिरवी १८ नंबरची दुसरी लाइन लावा.

थेंबांचा हिशेब: एक मिलिला २० थेंबांचा सेट असेल तर तासाचे मिलि भागिले तीन म्हणजे मिनिटाचे थेंब. १८० मिलिला ६०, ३०० ला १००. त्यापुढे थेंब मोजता येत नाहीत. बाटलीवर चिकटपट्टी उभी लावा आणि २.१५, २.३०, २.४५ ला पातळी कुठे असायला हवी त्या रेघा मारा. रोलर आपोआप सरकतो, पेशंट हात दुमडतो, लाइन मंदावते आणि कागदावर "५०० चालू" असंच राहतं. दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, पल्स प्रेशर, पाय. स्थिर झाला की मग तासाने.

आयएम (स्नायूत द्यायचं) इंजेक्शन कोणतंही नाही. ताप परत आला तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नाही, फक्त पॅरासिटामॉल. आणि ४२,००० प्लेटलेटला, रक्तस्राव नसताना, प्लेटलेटची पिशवी शोधत नातेवाइकांना गावभर पळवू नका. शॉक प्लाझ्मा गळल्यामुळे होतो, प्लेटलेट चढवून ती गळती थांबत नाही.

---

उत्तर ५: परिसेविका, जिल्हा रुग्णालय

हाऊसमन आला नाही तर: पहिला फोन २.०५ ला केला असेल तर २.१५ ला दुसरा. तेव्हा नवीन आकडे सांगा, जुनेच पुन्हा नाही. २.२० ला त्याच्या वरच्याला, म्हणजे रजिस्ट्रार असेल तर त्याला, नसेल तर ऑन-कॉल फिजिशियनला थेट. त्याच वेळी नाईट सुपरवायझरला. हाऊसमनला सांगून करा: "सर, तुम्ही अडकलात हे समजतं, मी मॅडमना फोन लावतेय." त्यात तक्रार नाही, त्यालाही सुटका वाटते. हा क्रम इन्चार्ज आणि डॉक्टरांनी दिवसा बसून ठरवावा आणि नंबरांसह नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर लावावा. रात्री दोनला नवीन मुलीने एकटीने हिंमत गोळा करून ठरवायची ही गोष्ट नाही.

नोंदीत "डॉक्टरांना कळवले" एवढं पुरत नाही. कोणाला, किती वाजता, काय सांगितलं, काय उत्तर मिळालं, त्यानंतर पेशंट कसा आहे. रागाचा शब्द एकही नको.

---

उत्तर ६: आयसीयू स्टाफ, पुणे

उलट बाजूही मुलींना शिकवा, कारण तिथे पेशंट आपल्या हातून बिघडतो. गळती २४ ते ४८ तासांत थांबते आणि बाहेर गेलेलं पाणी रक्तात परत येऊ लागतं. नाडी मंद आणि भरीव होते, पल्स प्रेशर रुंद होतं, लघवी भरपूर होते, भूक लागते, अंगावर लाल पुरळ आणि त्यात पांढरे ठिपके दिसतात, खाज सुटते. आता सलाइन कमी करायचं किंवा बंद करायचं. प्रत्यक्षात कालची ऑर्डर कोणी बदललेली नसते, बाटली संपली की दुसरी लागते, आणि पहाटे पेशंट धापा टाकतो. श्वसन २४ च्या वर, आडवं झोपवत नाही, छातीच्या उजव्या बाजूला खाली हवा कमी ऐकू येते, सॅच्युरेशन उतरतंय: डोकं वर करा, ऑक्सिजन लावा, सलाइन अगदी हळू करा आणि फोन करा. लाइन काढू नका, औषधाला लागेल.

एचसीटी घटला तर तो एकटा वाचू नका. घटला आणि पाय गरम, लघवी छान, नाडी शांत, तर पाणी परत येतंय. घटला आणि नाडी वाढतेय, पाय गार, तर आत कुठेतरी रक्तस्राव चालू आहे. मग ब्लड बँकेला फोन आणि क्रॉसमॅचचं (रक्त जुळवायचं) सँपल.

---

प्रश्नकर्ती

आणि डिस्चार्जचा आग्रह धरणारे नातेवाईक? ताप नाही, मग का ठेवताय, असं म्हणतात.

---

उत्तर ७: क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, नर्सिंग कॉलेज

त्यांना दाखल होतानाच सांगा: "ताप उतरेल त्यानंतरचे दोन दिवस सर्वात महत्त्वाचे आहेत, तेव्हा घरी न्यायचं नाही." ताप उतरल्यावर सांगितलं तर त्यांना ते बिल वाढवणं वाटतं. ताप औषधाशिवाय ४८ तास नाही, जेवतोय, लघवी होतेय, सलाइन नसताना एचसीटी स्थिर, प्लेटलेट चढणीला लागले, श्वासाला त्रास नाही, एवढं जमलं की सोडायचं.

त्यांना कामही द्या. काय प्यायला ते कागदावर लिहायचं, ओआरएस, नारळपाणी, पेज, ताक. नुसतं साधं पाणी लोटाभर पाजत राहायचं नाही, त्याने सोडियम उतरतं. आणि चार गोष्टी दिसल्या तर वेळ न बघता सिस्टरला उठवायचं: पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हातपाय गार पडणं, कुठूनही रक्त. रात्री दोन ते पाचमध्ये बहुतेक वेळा तेच आधी बघतात.